ओळंब्यातली वेल

भय्यासाहेब खिरवडकरांनी तेहतीस वर्षं फॅक्टरीत इन्स्पेक्शन केलं. लोखंडाचा तुकडा हातात आला की तो एकतर पास, नाहीतर रिजेक्ट. जगात तिसरंही काही असतं, हे कुंदाकाकूंनी सांगून पाहिलं होतं. पण ते लेखी नव्हतं. मग रिटायर झाले, तिलवाऱ्याच्या बाजूला कॉलनीत घर बांधलं, आणि अंगणात हनीसकलची वेल लावली.

वेलीची हौस काकूंची. फॅक्टरीच्या क्वार्टरमध्ये असताना त्या एकदा म्हणाल्या होत्या, "आपलं घर झालं ना, की दारात वासाची वेल पाहिजे." भय्यासाहेबांनी एकोणीस वर्षं ते लक्षात ठेवलं. बायकोचा वाढदिवस ज्या माणसाच्या दर वर्षी ध्यानातून जातो, त्यानं! तेव्हा प्रेमात खोट काढायला जागा नाही. खोट पुढे निघाली.

ग्वारीघाटच्या रस्त्यावरचा नर्सरीवाला रोप देताना म्हणाला, "बाबूजी, इसको ज़्यादा छेड़ना मत. मर्ज़ी की बेल है."

मर्जी? भय्यासाहेबांना तो शब्दच खटकला. घरी येऊन त्यांनी कंपाउंडच्या भिंतीला जाळी ठोकली, दोरीला वजन बांधलेला ओळंबा सोडून ती सरळ आहे का ते पाहिलं, मुळाशी भेडाघाटचे संगमरवरी तुकडे एकसारख्या अंतरावर मांडले आणि जाळीच्या चारी बाजूंनी सुतळी ताणली. दर रविवारी सकाळी सात वाजता कात्री घेऊन हजर. सुतळीच्या बाहेर जो कोंब डोकावेल तो रिजेक्ट. कोवळा, लुसलुशीत, नुकता कुठे जगाकडे बघायला निघालेला कोंब, कच्च!

"अहो, काहून कापून राहिले बिचारीला?" काकू विचारत.

"शिस्त नको का?"

चार वर्षांत वेल अशी झाली, की नवा पोस्टमन तिला हिरवा दरवाजा समजून कडी शोधू लागला. पानं इस्त्री केल्यासारखी. फूल मात्र एक नाही. नव्या कोंबालाच कळी धरते, हे कॉलनीतल्या दोघातिघांनी सांगून पाहिलं. पण तेहतीस वर्षं नोकरी केलेल्या माणसाला सांगणारे आपण कोण?

यंदा चैत्र लागला आणि काकूंनी फर्मान काढलं. "चैत्रगौरीचं हळदीकुंकू शुक्रवारी आहे. तोवर फूल आलं तर ठीक. नाही तर शनिवारी वेल काढायची आणि तिथे वॉशिंग मशीनचा ओटा घालायचा. मिस्त्रीला सांगून ठेवलंय."

एकोणीस वर्षं जपलेला शब्द, आणि त्यावर वॉशिंग मशीन! भय्यासाहेबांनी वेलीला शेणखत घातलं, ताक घातलं, एका संध्याकाळी कुणी बघत नाही असं पाहून हातही जोडले. आणि मग, पाहुण्या बायका यायच्या म्हणून, गुरुवारी एक जादा कटिंग केलं.

शुक्रवारी संध्याकाळी गौर झोपाळ्यावर बसली. आंब्याची डाळ, पन्हं, भिजवलेले हरभरे, सगळं तयार. पंधरावीस बायका ओसरीवर टेकल्या आणि कॉलनीतली मेघना आपटे नाक वर करून म्हणाली, "काकू, काय सुंदर वास येऊन राहिला हो! अत्तर का?"

"चार दिवसांपासून येतोय," काकू म्हणाल्या. "हे म्हणतात, माझ्या नव्या साबणाचा आहे."

वासाचा माग काढत बायका वेलीपाशी गेल्या. भय्यासाहेबही मागून आले. हळदीकुंकवात पुरुषाचं काम नसतं, हे त्या क्षणी त्यांना आठवलं नाही. पान न् पान उलटून पाहिलं. फूल नाही.

तेवढ्यात भिंतीवरून शेजारच्या दुबे भाभींचं डोकं वर आलं. दुबे मंडळी दिवाळीपासून मुलाकडे बेंगळुरूला होती, घराला कुलूप. त्याच दुपारी परतली होती.

"भाभीजी, ये आपकी बेल है क्या? हमारे यहाँ तो पूरी लद गई है! आइए, आइए, सब आइए!"

सगळ्या बायका खिरवडकरांच्या फाटकातून बाहेर आणि दुब्यांच्या फाटकातून आत. काकू डाळीचं पातेलं घेऊन पुढे, मागून पन्ह्याचं भांडं, आणि मेघनाच्या हातात चक्क गौर.

भय्यासाहेब अंगणात एकटे. मग त्यांनी स्टूल आणलं आणि भिंतीपलीकडे डोकावले. जाळीच्या मागून एक फांदी केव्हा तरी भिंत ओलांडून गेली होती. तिकडे ना सुतळी, ना ओळंबा, ना रविवार. तिनं दुब्यांचा नळ झाकला होता, कपड्यांची तार गिळली होती, आणि फुलं तर अशी, जोडीजोडीनं, ताजी पांढरी, कालची पिवळी, की मोजायला गेलं तर रिटायरमेंट पुरायची नाही. खाली बायका हसत पन्हं पीत होत्या.

"अहो, ते स्टुलावर कोण?" मेघना ओरडली.

"इन्स्पेक्शन चालू आहे," काकू वर न बघता म्हणाल्या.

बायका आपापल्या घरी गेल्यावर भय्यासाहेब फाटकापाशीच उभे होते. "कुंदा, फुलली तर खरी. आता ओटा..."

"वेल पास," काकू म्हणाल्या. "माणूस रिजेक्ट. कात्री कुठंय?"

त्यांनी कात्री घेतली, धुतली, पुसली आणि पुन्हा दुब्यांकडे जाऊन हरभऱ्यांबरोबर भाभींच्या ओटीत घातली. "इसे आप ही रखिए. हमारे यहाँ नज़र मत आने देना."

रविवारी सात वाजता भय्यासाहेब सवयीनं अंगणात आले. हात रिकामा. गुरुवारच्या कापणीतून सुटलेला एक कोंब चांगला बोटभर सुतळीबाहेर आला होता.

"कुंदा, एक बाहेर आलाय."

"मग?"

भय्यासाहेब खाली वाकले आणि सुतळीची गाठ सोडू लागले. गाठ इन्स्पेक्शनची होती. सुटायला पाऊण तास लागला.