न दबणारा फोर्क

शुक्रवारी दुपारी माझी मुलगी सावरगावच्या पुढच्या टेकडीवरून सायकल घेऊन परत आली, तेव्हा तिला हेल्मेटचा पट्टा सोडवता येत नव्हता. तळहात लालबुंद झाले होते आणि बोटं धड वळत नव्हती. पट्टा मी सोडवला. समोरचा फोर्क, म्हणजे पुढच्या चाकाचे धक्के झेलणारे दांडे, दगडासारखा झालाय, ती म्हणाली. उतारावर चाक एका दगडावरून उडतं ते दुसऱ्यावर जाऊन आपटतं, मधे जमिनीला लागतच नाही. एकदा हँडल हातातून सुटता सुटता राहिलं होतं. रविवारी सकाळी नागपूरजवळ निवडीची शर्यत होती. हातात दीड दिवस होता.

ती तेव्हा एकोणीस वर्षांची होती. नागपूरला कॉलेजात शिकायची, होस्टेलवर राहायची, आणि दोन वर्षांपासून माउंटन सायकलच्या शर्यतींत उतरत होती. सरावासाठी आठ दिवस घरी आली होती. मी इथे पांढुर्ण्यात शाळेत विज्ञान शिकवते. आमची शाळा सकाळची. माझे यजमान सौंसरच्या तहसील कार्यालयात आहेत, ते बसने जातात आणि संध्याकाळी येतात. त्यामुळे दुपारी घरात आम्ही दोघीच असायचो.

तिने मैत्रिणीकडून फोर्कमध्ये हवा भरायचा छोटा पंप आणला होता. "आई, तू जरा बघ ना, तुला हे लवकर समजते," ती म्हणाली. मला बरं वाटलं. आठ दिवसांत तिने माझ्याकडे पहिल्यांदा काही मागितलं होतं. माहिती मी मोबाइलवर वाचून काढली. पुढच्या चाकाला दोन्ही बाजूंनी धरणारे जे दांडे असतात, त्यांतल्या डाव्या दांड्यात हवा असते आणि तीच स्प्रिंगचं काम करते. बसणारा जड असेल तर हवा जास्त लागते, हलका असेल तर कमी. दांड्याच्या मागे एक स्टिकर होतं. त्यावर एका बाजूला वजन आणि दुसऱ्या बाजूला त्या वजनाला किती हवा, ते लिहिलेलं. हवा बरोबर बसली की नाही हे तपासायला दांड्यावर रबराची एक बारीक रिंग असते. ती खाली सरकवायची, हळूच सायकलवर चढायचं, हिसका न देता उतरायचं. नुसत्या वजनाने फोर्क जेवढा दबला, तेवढी रिंग वर सरकलेली दिसते. तिच्या फोर्कला ती दोन सेंटिमीटर सरकायला हवी होती.

मी वजन विचारलं. ती लगेच म्हणाली, "अठ्ठावन्न."

स्टिकरवर अठ्ठावन्नला पंचाहत्तर होतं. पंप लावला तर त्याच्यावरचा काटा आधीच पंचाहत्तरवर. म्हणजे तिने सांगितलेल्या वजनावरून हवा भरून देणाऱ्या नागपूरच्या मेकॅनिकने काही चुकीचं केलं नव्हतं. मी अंगणातल्या भिंतीला सायकल टेकवून धरली. ती हेल्मेट, बूट, पाठीवरची पिशवी, सगळं घालून पेडलवर उभी राहिली आणि उतरली. रिंग जेमतेम सव्वा सेंटिमीटर सरकली होती. पुन्हा केलं, तेवढीच. मग मी थोडी थोडी हवा सोडत गेले. दर वेळी हँडलवर दाब देऊन फोर्क चारपाचदा खालीवर करायचा, पुन्हा रिंग खाली, पुन्हा तिचं चढणं. सत्तर. पासष्ट. साठला रिंग बरोबर दोन सेंटिमीटरवर आली.

"जमलं," ती म्हणाली आणि हेल्मेट काढायला लागली.

मी वाकून स्टिकर बघत होते. साठच्या समोर अठ्ठेचाळीस लिहिलेलं होतं.

मी तिला म्हणाले, हे तर अठ्ठेचाळीस किलोच्या माणसाचं आहे. ती म्हणाली की पंप जुना आहे, काटा चुकीचा दाखवत असेल. तसं असू शकत होतं. एका मापावर विश्वास ठेवू नका, असं मी मुलांना वर्गात सांगते. माझं वजन मला माहीत होतं, मागच्याच आठवड्यात दवाखान्यात केलं होतं. अडुसष्ट. मी अडुसष्टला लिहिलेली नव्वद हवा भरली, पदर खोचला आणि सायकलवर चढले. हँडल समोरून तिने धरलं होतं. मी काय तपासतेय हे तिला कळत होतं. तिने ते धरायला नको म्हटलं असतं तर मी कदाचित सोडून दिलं असतं. पण ती धरून उभी राहिली, माझ्याकडे न बघता.

मी उतरले. रिंग दोन सेंटिमीटरवर होती.

काटा बरोबर होता, फोर्कही बरोबर होता. फेब्रुवारीतलं ऊन अंगणात चांगलं तापलं होतं आणि माझ्या मुलीने गळ्यापर्यंत चेन लावलेलं जॅकेट घातलं होतं. आठ दिवस ती तेच घालून वावरत होती. जेवायला बसलं की आत्ताच खाल्लं म्हणायची, नाहीतर ताट घेऊन आपल्या खोलीत जायची. मी दुपारी वह्या तपासत असायचे. मला वाटायचं, खेळाडूंचं वेगळं असतं.

मी ओरडले नाही. मी विचारलं, "पाळी कधी आली होती?"

ती म्हणाली, "दिवाळीच्या आधी."

मग ती बोलायला लागली आणि भराभरा बोलली. चढावर एकेक किलो जाणवतं. संघातल्या मोठ्या मुली तेच सांगतात. हलकी झाल्यापासून तिचा वेळ सुधारला होता, मागच्या दोन शर्यतींत ती पहिल्या तिघींत आली होती. मेसचा डबा ती दुसऱ्या मुलीला देत होती. "आणि मी खाऊन राहिली ना आई, अगदी नाही असं नाही," ती म्हणाली. मी म्हटलं, रविवारी जायचं नाही, उद्या दवाखान्यात जायचं. तिचा चेहरा एकदम परका झाला. म्हणाली, तू थांबवलं तर मी पुन्हा या घरी येणार नाही. त्यावर मी जे बोलले त्याचं मला आजही वाईट वाटतं. मी म्हटलं, एवढं शिकून तुला एवढं कळत नाही का. ती आत गेली.

संध्याकाळी यजमान आले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि सकाळी दहाला डॉक्टरीणबाईंकडे जाऊ म्हणाले. तिने होकाराची मान हलवली. आमच्यासमोर बसून अर्धी पोळी खाल्ली, एकेक घास इतका वेळ चावत की आमच्या दोघांचीही ताटं तशीच राहिली.

शनिवारी सकाळी सहाला मी उठले तर अंगणात सायकल नव्हती.

पंप पायरीवर पडला होता. तो दिसला आणि मला एकदम आठवलं. फोर्कमध्ये अजून नव्वद हवा होती, माझ्या वजनाची. तपासून झाल्यावर मी ती कमी केलीच नव्हती. पंचाहत्तरला जिचं हँडल सुटत होतं, ती आता नव्वदवर गेली होती. मी फोन लावला, तो तिच्या खोलीत वाजला. यजमानांना उठवून मी त्यांना सावरगावच्या टेकडीकडे जायला सांगितलं आणि स्वतः पंप स्कूटीच्या डिकीत टाकून सौंसरच्या रस्त्याला लागले. लांबचा सराव ती त्याच रस्त्याने करायची.

सकाळची थंडी होती आणि मी स्वेटर न घालता निघाले होते. समोरून संत्र्याच्या गाड्या येत होत्या. प्रत्येक गाडीच्या मागे मला तीच दिसायची. रस्त्यातून डावीकडे जिथे जिथे खडकाळ पायवाट उतरते, तिथे मी थांबून खाली वाकून बघायचे. ती कुठेतरी दगडांत पडलीय आणि ते चाक मीच कडक करून ठेवलंय, एवढंच डोक्यात होतं. एका चहाच्या टपरीवर विचारलं. सायकलवाली मुलगी अर्ध्या तासापूर्वी गेली, असं तिथला माणूस म्हणाला.

चारेक किलोमीटर पुढे, मोठ्या चढाच्या मध्यावर, एका संत्र्याच्या बागेच्या कुंपणाशी सायकल आडवी पडलेली दिसली. ती शेजारी बांधावर बसली होती. कोपर खरचटलेलं, ओठ पांढरे. तिच्याजवळ साठीच्या आसपासची एक बाई उभी होती. बाग तिचीच होती.

"लेकरू चढता चढता आडवं झालं जी," बाई मला म्हणाली. "म्या पानी देल्लं. गूळ देल्ला तं मुठीतच धरून बसली."

ती उतारावर पडली नव्हती. उतारापर्यंत पोचलीच नव्हती. डांबरी रस्त्यावर, चढाला, डोळ्यांसमोर अंधारी येऊन ती कलंडली होती. वाटभर मी ज्या हवेला भीत आले होते, तिचा यात काही संबंध नव्हता.

मी तिच्याशेजारी बसले. तिची मूठ घट्ट होती आणि बोटांमधून गूळ पाझरत होता. मी खा म्हटलं नाही. बाईने संत्रं सोललं, फोडी माझ्या हातात दिल्या आणि झाडांकडे निघून गेली.

"अठ्ठावन्न काहून सांगितलं मला?" मी विचारलं.

"खरं सांगितलं असतं तर तू विचारत बसली असती."

"आता विचारून राहिली ना."

ती रस्त्याकडे बघत हळूच म्हणाली, "आई, मला भूक लागते. खूप लागते. पण खाल्लं की भीती वाटते."

इतक्या वर्षांत तिने मला कशाचीही भीती वाटते असं सांगितलं नव्हतं. मी एक फोड खाल्ली आणि एक तिच्यासमोर धरली. तिने ती घेतली. पाच फोडी खायला तिला वीस मिनिटं लागली. तोवर माझा फोन गेल्यावर यजमान कुणाच्या तरी मोटरसायकलवर मागे बसून तिथे पोचले. बाईच्या मुलाच्या गाडीत सायकल घालून ते घरी गेले आणि मी तिला मागे बसवून हळूहळू परत आले. स्कूटीवर तिचं वजन जाणवतच नव्हतं. मी दोनदा मागे हात लावून बघितलं.

डॉक्टरीणबाईंनी तिला झोपवून आणि उभं करून रक्तदाब बघितला, नाडी पुन्हा पुन्हा मोजली, रक्त तपासायला पाठवलं. शर्यत नाही, त्या म्हणाल्या, आणि सायकलही काही दिवस नाही. मला वाटलं होतं ती भांडेल. ती भांडली नाही. नागपूरच्या दोन डॉक्टरांची चिठ्ठी त्यांनी दिली. त्यांतले एक मनाचे डॉक्टर होते. चिठ्ठी यजमानांनी खिशात घातली आणि घरी येईपर्यंत वरून हात ठेवून होते.

रविवारी शर्यत तिच्याशिवाय झाली. निकाल तिच्या फोनवर आला. आधीच्या शर्यतीत तिने जिला मागे टाकलं होतं, ती मुलगी निवडली गेली. त्यानंतर चार दिवस ती माझ्याशी बोलली नाही. त्या सहामाहीत ती होस्टेलवर गेली नाही. दर पंधरा दिवसांनी आम्ही नागपूरला जायचो आणि वाटेत बहुतेक वेळा भांडायचो. एकदा बसमध्ये ती सौंसरपर्यंत मागच्या सीटवर जाऊन बसली होती. पुढच्या दिवाळीच्या सुमारास पाळी सुरू झाली. ते तिने मला सांगितलं नाही, दुकानातून काय आणायचं त्या यादीत लिहिलं.

आता ती पुन्हा होस्टेलवर राहते आणि पुन्हा सायकल चालवते. शर्यतीत अजून उतरली नाही. फोर्कची हवा तीच बघते आणि आकडा मी विचारत नाही. सगळं ठीक झालंय असं मी म्हणणार नाही. अधूनमधून फोन येतो, "आई, आज जमून नाही राहिलं." मग मी शाळा सुटली की नागपूरची बस पकडते. मेसमध्ये तिच्यासमोर बसून मीही जेवते. काय बोलायचं ते ठरवून जात नाही. मागच्या खेपेला मी तिच्या तोंडून कॉलेजातल्या कुठल्याशा भानगडीची गोष्ट ऐकत बसले आणि माझा भात अर्धाच झाला होता. तिचं ताट रिकामं झालं, तिला वर्गाला उशीर होत होता. ती उठली, हात धुऊन आली, आणि तू सावकाश जेव म्हणून निघून गेली.