वाट न विचारणारे मास्तर

वाट चुकण्याला धर्माचा दर्जा देणारा माणूस अख्ख्या वऱ्हाडात एकच झाला, आणि तो नेमका माझ्या नशिबी शेजारी म्हणून आला. मानोऱ्याच्या शाळेत माझी बदली झाली तेव्हा भिंतीला भिंत लागून हे ख्रिस्ती मिशनचे उपदेशक राहत. सारं गाव त्यांना मास्तर म्हणे. त्यांच्यापाशी कथा एकच. मोशे इस्राएल लोकांना मिसर देशाच्या गुलामीतून सोडवतो आणि चाळीस वर्षं देवाच्या भरवशावर रानातून नेतो. दिवसा पुढे मेघाचा खांब, रात्री अग्नीचा. तांड्यावर गेले तरी हीच कथा, बाजारात हीच, मयताला गेले तरी फिरून फिरून हीच. लोक मन लावून ऐकत आणि मग नको ते विचारत. एकदा एका म्हाताऱ्यानं तंबाखू मळता मळता विचारलं, "चाळीस वरीस? मंग त्या मोशेले कोनाले वाट विचाराची लाज वाटे काय?" त्यावर मास्तर बरेच दिवस रुसले होते.

कारण वाट विचारणं म्हणजे अविश्वास, हा त्यांचा सिद्धान्त. "देव नेते, आपन चालाचं," म्हणत ते मेडशीला निघत आणि किन्हीराजात उगवत. तिथंच उपदेश उरकून परत येत, आणि मेडशीचे लोक अजून पापातच राहिले याचं त्यांना मनापासून वाईट वाटे. घरातही हाच कारभार. आकाशातून पडलेला मान्ना इस्राएलांनी उद्यासाठी राखून ठेवला तर त्यात किडे पडले, म्हणून रात्री उरलेली भाकर मास्तर गाईला घालत. आता वऱ्हाडातल्या माणसाला सकाळी शिळी भाकर आणि ठेचा नसेल तर त्याचा दिवस उजाडतो कुठे? मास्तरांच्या पत्नी, म्हणजे आमच्या वहिनी, कडाडल्या की हे शांतपणे म्हणत, "कुरकुर करू नका. इस्राएल झाल्या तुमी!" वहिनी म्हणत, "त्या मोशेच्या बायकोले विचारा एकदा, कसं काढलं तिनं!"

अशा माणसाच्या एकुलत्या एका लेकीचं लग्न ठरलं, तेही बाशीमच्या चर्चमध्ये. पाद्रीसाहेब अकोल्याहून फक्त त्या दिवसापुरते येणार आणि संध्याकाळी दौऱ्यावर निघणार, ते पावसाळा उलटल्यावरच परतणार. नवरदेवाच्या आईला ही सोयरीक मुळातच पसंत नव्हती. लग्न लांबलं की मोडलंच, हे सगळ्यांना ठाऊक होतं. लग्नसराईत गाडीवान मिळेना, म्हणून पुढची बैलगाडी मास्तरांनी स्वतः हाकली, मागची त्यांच्या परगावच्या मेव्हण्यानं. लग्नाच्या आदल्या दिवशी पहाटेच निघालो, मी मागच्या गाडीत. सरळ सडक सोडून मास्तर रानात शिरले तेव्हा मी ओरडलो, तर म्हणाले, "गुरुजी, देवानं इस्राएलाले जवळच्या वाटेनं नेलं नाही!"

संध्याकाळपर्यंत लग्नाच्या वऱ्हाडाचे खरोखरच इस्राएल झाले. मेव्हणा वांग्याच्या भाजीच्या आठवणी काढू लागला, वहिनी माहेरच्या. एका तांड्यावर मुक्काम केला. सकाळी मास्तर तिथल्या नायकाला वाट विचारतील म्हणून मी आशेनं पाहत होतो, पण तेवढ्यात दूर आभाळात धुराचा उंच खांब दिसला. मास्तरांचे डोळे भरून आले. "पाहा, पाहा गुरुजी!" एवढंच म्हणाले आणि बैलांच्या शेपट्या पिरगाळल्या. आम्ही नाले ओलांडले, चाक निखळता निखळता वाचलं, ऊन डोक्यावर आलं. खांबाच्या पायथ्याशी पोहोचलो तर एक म्हातारा शेतकरी बायकोसोबत उपटलेल्या पऱ्हाट्या जाळत बसलेला. दरसाल उन्हाळ्यात साऱ्या वऱ्हाडात जळतात त्याच कपाशीच्या काड्या!

म्हातारा म्हणाला, "काय पाहून राह्यले, पाव्हनं?"

तेव्हा ठेवणीतल्या लुगड्यात घामानं भिजलेली ती पोर दोन दिवसांत पहिल्यांदा बोलली. "बाबा, पाद्रीसाहेब निघून जातीन का हो?" तक्रार नव्हती तिच्या आवाजात, नुसतं विचारलं तिनं. मास्तरांनी कासरा खाली ठेवला. उतरले, डोक्यावरची टोपी काढली आणि त्या म्हाताऱ्यापुढे हात जोडून उभे राहिले. "बापू, बाशीमची वाट सांगता का? पोट्टीचं लगन हाय."

"बाशीम तं मांगं राह्यलं, राजेहो!" म्हातारा म्हणाला. मग आमचे चेहरे पाहून त्यानं बायकोला विस्तवाकडे लक्ष ठेवायला सांगितलं आणि स्वतःच गाडीवर चढून बसला. बाशीमला पोहोचलो तेव्हा पाद्रीसाहेबांचा टांगा जुंपून तयार होता. लग्न लागलं. सासूबाईंचं तोंड वाकडंच राहिलं, पण लागलं.

परतीला मी मास्तरांच्या शेजारी बसलो होतो. राहवेना म्हणून डिवचलं, "काय मास्तर, मोशेनं चाळीस वर्षांत वाट विचारली नाही, आणि तुम्ही दोन दिवसांत विचारली?"

मास्तर हसले नाहीत. बैलाच्या पाठीवरची धूळ हातानं झटकली. मग म्हणाले, "मोशेले पोट्टी नव्हती, गुरुजी."

त्या दिवशी वाट एकदाही चुकली नाही. गाडी हलकी झाली होती, बैल आपसूक पळू पाहत होते, आणि मास्तर मात्र कासरा ओढून धरत होते. घरी पोहोचायची त्यांना मुळीच घाई नव्हती.