बाटलीत वाढलेली आईची मोसंबी

खंडेनवमी आली की माझं डोकं फिरतं. फिरू द्या.

चितेगावकडं एका लॅबमध्ये मी कामाला आहे. आम्ही बाटलीत केळीची रोपं तयार करतो. कंदाच्या गाभ्याचा तुकडा काढायचा, औषधाच्या जेलीवर ठेवायचा आणि एकाची चार रोपं करत जायचं. त्या जेलीत साखर असते. जरा घाण आत गेली की रोपाच्या आधी बुरशीच वाढते. म्हणून आत जाताना धुतलेला गाऊन, टोपी, मास्क, पायात आतल्याच चपला. शिंक आली तर टेबल सोडून पळायचं. साहेबांनी आम्हा बायकांना हातातल्या बांगड्यासुद्धा उतरवायला लावल्या. आम्ही ऐकलं, कारण ते बरोबर होतं.

करमाडजवळ आमचं रान आहे. बाकी मोसंबीची बाग अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, कधीच काढून टाकली होती. एकच झाड ठेवलं, कारण ते आईनं लावलेलं. आई गेली, आणि पुढं त्या झाडालाही रोग लागला. शेंड्याकडून वाळत खाली यायला लागलं. साधं कलम केलं तर कलमासोबत रोगही येतो. पण कोवळ्या शेंड्याचं अगदी टोक, टाचणीच्या टोकाहून बारीक, तिथवर रोग बहुधा पोचत नाय. ते कापायचं आणि बाटलीतच उगवलेल्या रोपट्यावर बसवायचं. साहेबांनी परवानगी दिली, तेवढं त्यांचं मानते. सुट्टीच्या दिवशी जाऊन मी ते करत बसायची. लई मेली. दोन बाटल्यांतली तेवढी जगली, पानं फुटली. तोवर रानातलं झाड पार वाळून सरपणाला गेलं होतं. आईचं म्हणून जे काही हिरवं उरलं होतं, ते त्या दोन बाटल्यांत.

खंडेनवमीला साहेब म्हणाले, पूजा आतच करायची, लॅमिनारची. लॅमिनार म्हणजे गाळलेल्या हवेचं ते काचेचं टेबल, ज्यावर आम्ही रोपं कापतो.

"साहेब, ऑफिसात मांडू ना पूजा. फुलं, धूर आत नको."

"आपल्याला भाकरी ते टेबल देतं, ऑफिस नाय. आणि सणासुदीला अपशकुन करू नको."

झालं! पूजेला चपला कशा घालायच्या, म्हणून बाहेरच्या धुळीचे पाय घेऊन सगळे अनवाणी आत. जिथून गाळलेली हवा येते, त्या जाळीवरच झेंडूचा हार. ऊद पेटवला. नारळ फोडला तोही तिथंच, त्या फरशीवर. आमच्या बांगड्या मात्र बाहेर डब्यात!

मी नारळाचं पाणी पुसत होते. साहेबांची बायको रॅककडं गेली. बाई मनानं चांगली आहे, म्हणून तर जास्त चीड येते. "अगं बाई, कसली गोड लेकरं!" असं म्हणत ती बाटल्यांच्या झाकणांना हळदीकुंकू लावत होती. मी मान वर केली तर माझ्या दोन्ही बाटल्यांची झाकणं काढलेली, आणि बाई आत अक्षता टाकतेय. केळीच्या गर्दीत तीच दोन रोपं वेगळी दिसली, म्हणून तिनं त्यांनाच औक्षण केलं.

"मॅडम!" मी ओरडले.

"पूजेत आवाज नको," साहेब म्हणाले.

थोड्याच दिवसांत तांदळाच्या दाण्याभोवती पांढरा कापूस धरला, मग काळा पडला. मी रोपं काढून धुतली, नव्या बाटलीत ठेवली, तरी सडली. केळीचे रॅकही गेले. साहेबांनी आम्हाला रांगेत उभं केलं. "कुणीतरी हात नीट धुतले नाहीत."

आम्ही! स्पिरिटनं ज्यांच्या बोटांची सालं निघालीत, त्या आम्ही!

"साहेब, बाटलीत तांदूळ आहे," मी म्हणाले. "आमच्या हातातून तांदूळ उगवतो का?"

"पूजेनं कधी कुणाचं वाईट होत नाय. जा, बाटल्या उकळायला लाव."

बुरशीची बाटली थेट धुता येत नाय, आधी मोठ्या कुकरात घालून आतलं सगळं मारावं लागतं. माझ्या दोन्ही बाटल्या मीच आत ठेवल्या आणि झाकण आवळलं. रडू नाय आलं.

रविवारी गावी गेले. अण्णांना सगळं सांगितलं. ते ओट्यावर बसून ऐकत होते. मग हात जोडून म्हणाले, "पूजेत गेलं ना? देवाच्या पायाशी गेलं. चांगलं झालं."

माझा तोल गेला. "काय चांगलं झालं? मेलं ते, अण्णा! आईचं झाड मारलं त्यांनी, आणि तुम्ही हात जोडताय?"

अण्णांनी हात खाली घेतले. माझ्याकडं न बघता म्हणाले, "मेलं, ते मला कळत नाय व्हय? पण उद्या तुला तिथंच कामाला जायचंय ना, बाई."