नाशिकचं विरजण

आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं तेव्हा तिला काळजी गुडघ्याची नव्हती, दह्याची होती. "पाच दिवस मी घरी नसेन. विरजण संपवून बसू नकोस," तिने हॉस्पिटलची पिशवी भरता भरता मला तीनदा बजावलं.

हे विरजण नाशिकचं. बाबांची दिल्लीला बदली झाली तेव्हा आईने ते स्टीलच्या डबीत घालून, डबीला ओलं फडकं गुंडाळून, रेल्वेच्या अख्ख्या प्रवासात मांडीवर सांभाळून आणलं. मयूर विहारच्या आमच्या फ्लॅटमध्ये येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला ती दह्याच्या वाटीबरोबर ही गोष्टही वाढते. बाबा गेल्यावर गोष्टीला एक वाक्य जोडलं गेलं: "ते गेले, त्यांच्याबरोबर आलेलं एवढं राहिलं." पाहुणे हळहळतात आणि आणखी दही घेतात.

मी सरकारी कचेरीत सेक्शन सांभाळते. चव्वेचाळीस वर्षांची होईपर्यंत मी एकदाही दही लावलं नव्हतं. आईने कधी लावू दिलं नाही हे एक कारण. मी कधी विचारलंही नाही हे दुसरं, आणि जास्त खरं.

ऑपरेशन नीट पार पडलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हॉस्पिटलमधून येऊन मी दूध तापवलं, कोमट होऊ दिलं. आई चमचाभरच विरजण घालते. पण पहिल्याच खेपेला हात आखडता कशाला घ्यायचा, म्हणून मी वाटीतलं होतं नव्हतं तेवढं दही घालून टाकलं आणि पातेलं झाकून ओट्यावर ठेवलं. आईला मी कायम तिथेच ठेवताना पाहिलं होतं. जानेवारीत ती पातेलं कुठे नेते, हे बघायला मी कधी स्वयंपाकघरात थांबले नव्हते.

सकाळी बाहेर धुकं आणि पातेल्यात दूध. गारठलेलं, पातळ, साधं दूध. मला राग आला, आणि राग आला की मी चहा करते. निदान दूध तरी वाया जायला नको, म्हणून पातेलंच गॅसवर चढवलं. उकळी यायच्या आत ते फाटलं, तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला की आपण नेमकं काय उकळतोय.

ओट्यापाशी उभी राहून मी चक्क रडले. ऑफिसात माझा बऱ्यापैकी दरारा आहे, त्यामुळे हे तिथे सांगितलेलं नाही. बाबांबरोबर आलेली शेवटची गोष्ट मी एका चहापायी घालवली होती, आणि ते आईला कसं सांगायचं हे मला सुचत नव्हतं.

शेवटी विरजण मागायला समोरच्या फ्लॅटमधल्या पंजाबी आंटींचं दार वाजवलं. "आंटी, थोड़ा जामन मिलेगा?"

त्यांना जराही नवल वाटलं नाही. फ्रिजमधून दह्याची वाटी काढत त्या म्हणाल्या, "मैं सोच ही रही थी, इस बार मम्मी आई नहीं. हर साल ठंड में एक-आध बार उनका भी बिगड़ जाता है ना."

मी वाटी हातात घेतली. हर साल. म्हणजे पाहुण्यांनी डोळे पाणावून खाल्लेलं नाशिकचं दही कित्येक वर्षं समोरच्या दारातून येत होतं.

"शॉल में लपेट के आटे के डिब्बे में दबा दे," आंटींनी सांगितलं. "और बार-बार खोल के देखना मत."

मी ऑफिसला दांडी मारली आणि तसंच केलं. बघितलं मात्र दोनदा. संध्याकाळपर्यंत दही असं लागलं की पातेलं तिरकं केलं तरी हलेना. मी ते उगाचच पुन्हा पुन्हा तिरकं करून पाहिलं.

पाचव्या दिवशी आई वॉकर धरून घरी आली. मी तिला दहीभात कालवून दिला. काही बोलायचं नाही, असं मी ठरवून टाकलं होतं. गोष्ट तिची, ती तिच्यापाशी राहू दे. तिने पहिला घास खाल्ला, मग दुसरा.

"छान लागलंय. विरजण जपलंस हो."

"तू सांगून गेली होतीस ना," मी ताटलीकडे बघत म्हणाले.

तिने शेवटचं शीत संपवलं, बोट चाटलं.

"समोरच्यांची वाटी परत करशील तेव्हा रिकामी देऊ नकोस," ती म्हणाली. "तिळाचे लाडू आहेत डब्यात, दोन घाल. मी दर वर्षी घालते."