वैनींच्या उंचीचा ओटा

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बहिणीला नाही, प्लांटवरच्या मित्रांना नाही, जिच्या नावावर सगळं खपवलं तिलाही नाही. सांगायची वेळ आली नाही असं नाही — पुष्कळदा आली. दरवेळी मी नेमका चहा ठेवायला उठलो. आज बसून राहायचं ठरवलंय.

घरापासून सुरुवात करतो. घराबद्दल बोलणं मला सोपं जातं.

इथे आखातात, सालमियात, पाचव्या मजल्यावर एक खोली, स्वयंपाकघर म्हणायचं म्हणून एक बोळ, आणि न्हाणीघर. खिडकीतून समोरच्या इमारतीची गच्ची दिसते आणि दोन इमारतींच्या फटीतून हातभर समुद्र. अकरा वर्षं मी इथे राहतोय, एकटा. सकाळी कंपनीच्या बसने शुऐबाला प्लांटवर जातो, संध्याकाळी परत येतो, दार उघडतो, आणि — रोज, अगदी रोज — मला बरं वाटतं. आत कुणी वाट बघत नसताना घरात शिरून बरं वाटावं, हे किती जणांच्या वाट्याला येत असेल? माझ्या वाट्याला आलं ते एका माणसामुळे. हे बरं वाटणं त्याने रंधा मारून, खिळे ठोकून तयार केलंय. त्याच माणसाशी मी कसा वागलो, ते सांगायचंय.

पण त्याआधी एक खोटं आहे, ते सांगतो.

इथे एकट्या पुरुषाला फॅमिलीच्या इमारतीत सहसा घर देत नाहीत. लग्न झालेलं असो, नसो, मोडलेलं असो — बायको सोबत नाही म्हणजे तुम्ही ‘बॅचलर’. मग खोली वाटून राहा. मी दोन वर्षं तसा राहिलो होतो. दरम्यान नाशिकला माझा आणि मेधाचा घटस्फोट झाला. मोठं भांडण वगैरे काही नव्हतं. तिला बोलणारा माणूस हवा होता, आणि मी — असो. सही करून परत आलो तेव्हा मला एकच गोष्ट हवी होती: आतून कडी लावता येईल असं दार. घरमालकाच्या माणसाने लग्नाचा दाखला मागितला. मी दिला. दाखला खरा होता, लग्न तेवढं उरलं नव्हतं. फॅमिली कधी येणार, असं त्याने विचारलं. म्हटलं, दोन-तीन महिन्यांत, व्हिसाचं चाललंय.

एकदा असं सांगितलं की तसं दिसावंही लागतं. इमारतीच्या राखणदाराला इथे हारिस म्हणतात. आमचा हारिस इजिप्शियन, दारात खुर्ची टाकून बसलेला, आणि लिफ्टमधून काय वर जातं यावर त्याची बारीक नजर. नुसती गादी वर गेली असती तर तो ओळखून चुकला असता. म्हणून हा देश सोडून निघालेल्या एका केरळी कुटुंबाकडून मी डबल बेड घेतला. तो वर चढताना बघून हारिस गालात हसला. झालं — मी फॅमिलीवाला ठरलो.

तो बेड दारातून आत जाईना. म्हणून मी आत्माराम मेस्त्रींना बोलावलं.

मेस्त्री मूळचे सावंतवाडीकडचे. आमच्या ऑफिसात लाकडी पार्टिशनं बसवायला एका कंत्राटदाराकडून आले होते, तिथली ओळख. बुटके, पन्नाशीचे, कानावर पेन्सिल. एका खोलीत आठजण राहायचे. तीन वर्षं गावी गेले नव्हते. त्या शुक्रवारी बेड सोडवून आत घेतला, पुन्हा जोडला, आणि मग कमरेवर हात ठेवून त्यांनी घरभर नजर फिरवली. भिंतींवर आधीच्या भाडेकरूच्या तळणाचा चिकट थर, खिडकीच्या खाचांत वीतभर वाळू, स्वयंपाकघरात एक सिंक आणि बाकी मोकळी भिंत.

“वैनी कधी येतत?”

तेव्हाच सांगायला हवं होतं. ते घरमालक नव्हते, हारिस नव्हते. त्यांना सांगितलं असतं तर माझं काय बिघडलं असतं? पण दार उघडं होतं, लिफ्टपाशी कुणीतरी उभं होतं, आणि जीभ सरावली होती. म्हटलं, “दोन-तीन महिन्यांत.”

“मगे ह्यां असां चलाचा नाय.”

पुढचे तीन महिने प्रत्येक शुक्रवारी ते बसने आले, हत्यारांची पिशवी खांद्यावर घेऊन. पैशाचं नाव काढू देईनात. लाकूड मी आणायचं, हात त्यांचे. “आमच्याकडे भाकरी. घाटावरची घडीची पोळी वैनींच्या हातची एकदा खातलंय, झाला.” एवढीच त्यांची अट.

आम्ही आधी घर धुतलं. ब्लेडने तेलकट थर खरवडून काढला. मी झाडू घेतला तर त्यांनी तो हातातून काढून घेतला: धुळीच्या मुलखात कोरडा झाडू मारला तर धूळ नुसती जागा बदलते, आधी ओलं फडकं, मग कोरडं. अजून तसंच करतो. वावटळ येऊन गेली की आधी उंबऱ्यावर ओलं पोतेरं. माझ्या घरात आलेला माणूस म्हणतो, एकट्याचं घर इतकं स्वच्छ? मी मान हलवतो.

मग त्यांनी भिंतीत फळ्या बसवल्या, बेडखाली खण केले, उशाकडची जादा लांब फळी कापून बाजूला ठेवली. पश्चिमेच्या उन्हासाठी जाड पडदे लावले — दांडी तीनदा काढली, तीनदा बसवली, पडदा जमिनीला टेकता उपयोगी नाही म्हणून. त्यांच्या बायकोने वैनींसाठी विणलेलं लोकरीचं तोरण कुणा गाववाल्याबरोबर आलं, तेही दाराला लागलं. ती बाई मला ओळखत नव्हती. मेधाला तर नाहीच. तरी तिने हिरव्या-पिवळ्या लोकरीचे पोपट विणले होते, अकरा.

आणि ओटा. ओट्याच्या दिवशी त्यांनी विचारलं, “सायबानू, वैनींची उंची किती?”

“असेल पाच-एक फूट.”

“अदमासान नको हां. दिसाक चार तास थंय उभ्यान काढूचे आसत त्यांका.”

मी भिंतीला पाठ लावून उभा राहिलो आणि हनुवटीखाली आडवा हात धरला. इथपर्यंत. ती माझ्याजवळ उभी राहिली की इथपर्यंत येते. येत असे. त्यांनी गुडघ्यावर बसून जमिनीपासून माझ्या हातापर्यंत टेप लावला, आणि हात बराच वेळ तसाच राहिला. तो खाली घ्यायचं मला सुचलं नाही. “बरोब्बर,” ते म्हणाले, आणि कानावरची पेन्सिल काढून भिंतीवर रेघ ओढली. ओटा कोपराखाली एक वीत हवा, असा त्यांचा हिशेब. तीस इंच निघाला. मी पाच फूट अकरा.

शेवटच्या शुक्रवारी, काम संपलं असताना, त्यांनी मला पुन्हा भिंतीशी उभं केलं. कोपर वाकवायला लावलं, टेप लावला. कशाला, असं मी विचारलं तर म्हणाले, “असाच.”

यानंतर त्यांचे फोन यायला लागले. वैनी आल्या? अजून नाही. व्हिसा अडकलाय. तिच्या आईची तब्येत बरी नाही. कारणं संपत आली तेव्हा मी एक दिवस म्हणून टाकलं — हो, आली. का म्हटलं? म्हटलं की फोन थांबतील, असं वाटलं असावं. आवाजावरून ते केवढे खूश झालेले वाटले! मी जेवायला बोलवेन म्हणून पंधरा दिवस वाट बघत असावेत. स्वतःहून एकदाही विषय काढला नाही.

आता ती दुपार.

शुक्रवारच होता. त्यांचं कंत्राट संपलं होतं, संध्याकाळचं विमान होतं, हे मला माहीत होतं. दुपारी एक वाजता खालून हारिसने इंटरकॉमवर विचारलं, “तुम्हारा नज्जार नीचे. ऊपर भेजूँ? मदाम मौजूद?”

नज्जार म्हणजे सुतार. घरात बाई असली की परका पुरुष विचारल्याशिवाय वर सोडायचा नाही, हा इथला रिवाज. मी खिडकीशी गेलो. ते फुटपाथवर उभे होते, इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी. उन्हात. तुम्ही त्या उन्हात कधी उभे राहिला असाल तर तुम्हाला कळेल.

“मौजूद,” मी म्हणालो. “मत भेजो.”

ओळखीच्या, सभ्य माणसाला दारातून घालवायला मी बाईमाणसाचं नाव पुढे केलं. जी बाई घरात नव्हती तिचं. हारिसने त्यांना काहीतरी सांगितलं. त्यांनी खिशातून फोन काढला. माझा फोन ओट्यावर वाजला. वाजू दिला. पुन्हा वाजला. तेव्हा मी पडद्याआड उभा होतो — त्यांनीच लावलेल्या पडद्याआड. त्यांनी एकदा वर पाहिलं. मी दिसणं शक्य नव्हतं. मला वाटतं, पडदा सरळ पडलाय का, तेवढंच त्यांनी पाहिलं. मग ती वस्तू हारिसच्या हातात देऊन ते बसस्टॉपकडे गेले.

वर आला तो पोळपाट. बेडच्या त्या जास्तीच्या फळीचा, गुळगुळीत घासलेला, कडेला बारीक नक्षी. आठवड्याने गावाहून त्यांचा आवाजी निरोप आला: “पोळपाट उंचीक बरो पडलो काय?” मी लिहिलं, वैनींना अगदी बरोबर बसला, त्यांनी आभार सांगितलेत.

पुढे कित्येक वर्षं माझ्या मनाला लागून राहिलं ते हे, की मेस्त्रींनी मनातल्या मनात मेधाला नावं ठेवली असतील. तीन महिने राबलेल्या माणसाला साधं पाणीही न विचारणारी बाई. मेधाने? तिने त्यांना दारातूनच हाताला धरून आत आणलं असतं. पोळ्या होईपर्यंत उठू दिलं नसतं. तिच्याबद्दल मी एका माणसाच्या मनात असं चित्र उभं केलं, आणि तिला त्याचा पत्ताही नाही.

पण एवढंच नाही. खरं सांगायचं ते पुढे आहे, आणि ते मला गेल्या वर्षी कळलं.

कंबर धरायला लागली म्हणून डॉक्टरकडे गेलो. कधी दुखते, त्यांनी विचारलं. ओट्याशी वाकून भाजी चिरताना, भांडी घासताना. पोळ्या लाटताना? पोळ्या मी दर शुक्रवारी करतो, शिकलोय आता, घडीच्याच. पोळ्या लाटताना दुखत नाही. कधीच दुखली नाही.

घरी आलो आणि टेप काढला. पोळपाटाचे पाय पाच इंच. माझ्या आईच्या पोळपाटाचे पाय जेमतेम दोन बोटं होते. हे पाय उंच आहेत हे मला रोज दिसत होतं, कोकणातली पद्धत असेल असं मी धरून चाललो होतो. तीस इंचांच्या ओट्यावर पाच इंच. माझ्या कोपराखाली एक वीत. बरोब्बर.

पाच फूट एक इंचाच्या बाईला त्या पोळपाटावर खांदे वर उचलून लाटावं लागलं असतं.

त्यांना माहीत होतं. कधीपासून? मी हात खाली घ्यायला विसरलो तेव्हापासून? सांगता येत नाही. पण कोपर मोजला त्या शुक्रवारी नक्की माहीत होतं. मी ‘आली’ म्हणालो तेव्हाही. म्हणजे त्या दुपारी ते वैनींना भेटायला आलेच नव्हते. वैनींच्या हातचं खायलाही नाही. एकट्या राहणाऱ्या माणसाला स्वतःपुरती पोळी लाटता यावी म्हणून वस्तू घेऊन आले होते, आणि दारात त्यांना निरोप मिळाला — मदाम मौजूद.

अजून दर चतुर्थीला त्यांचा निरोप येतो. शेवटी नेहमी असतं: वैनींका नमस्कार. मला राखतायत. अकरा वर्षं.

तो हारिस कधीच बदलला. नव्याने मला काही विचारलेलं नाही. तोरणाचे पोपट विटलेत, मी ते दर दिवाळीला धुतो. भिंतीवरची पेन्सिलची रेघ रंग देताना तेवढी सोडली. ओटा उंच केलेला नाही. या घरातलं जे जे चांगलं आहे ते त्यांच्या हातचं आहे, आणि मी रोज त्यात सुखाने झोपतो. ते सुख खोटं नाही, हेही कबूल करायला हवं.

हारिसने त्या दुपारी सरळ प्रश्न विचारला होता. त्याचं उत्तर इथे लिहून ठेवतो.

घरात मदाम नव्हती. मी होतो.