आज आमच्या चर्चमध्ये कागदाचे कप आले

मंडळी, आत्ताच चर्चमधून आलोय आणि डोकं फिरलंय.

नई सडकेमागच्या सफाई कामगारांच्या वस्तीतलं छोटं चर्च बंद पडलं. तिथली माणसं आजपासून आमच्या चर्चमध्ये सामील झाली. पाळकांनी सामाजिक न्यायावर असा उपदेश केला, की पुढच्या रांगेतल्या बायका डोळे पुसत होत्या.

मग प्रभुभोजन. आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सगळे एकाच प्याल्यातून द्राक्षरस पितात. सेक्रेटरीकाका वर्षभर खोकतात, तरी त्यांच्यामागून आम्ही बिनधास्त पितो. आज मात्र प्रत्येकाच्या हातात कागदाचा छोटा कप आला.

"हायजीन का मामला है," काका म्हणाले.

वस्तीतल्या सुनीताताई शाळेत शिकवतात. उपासना संपल्यावर काकांनी सगळ्यांदेखत कचऱ्याची बादली त्यांच्याच हातात दिली. "बेटा, ज़रा ये कप उठा लो. तुम लोगों को तो आदत है."

ताईंनी बादलीत फक्त आपला कप टाकला, बादली वेदीवर ठेवली आणि त्या निघून गेल्या.

"अरे, वेदी बाटवली!" काका ओरडले.

बादली आमची, कप आमचा, द्राक्षरस प्रभूचा. मग वेदी बाटली कशानं? सांगा ना कुणीतरी.