नको असल्यास कळवा

जुन्या सोफ्याचं कापड उसवलं की आतून काय काय निघतं ते सोफावाल्या काकांना विचारावं. नाणी, केसांच्या पिना, बाळाचा एक मोजा, वर्षापूर्वीच्या गोळ्या, आणि एकदा तर चक्क कवळी. काका ते सगळं एका वाटीत जमवत आणि काम संपलं की घरच्या बाईच्या हातात देत. "हे तुमचं. मोजून घ्या." बायका हसत. ज्या घरात कवळी निघाली तिथले आजोबा मात्र हसले नाहीत. त्यांनी आधी ती धुऊन मागितली.

कारखाना खाली आणि वर दोन खोल्या, असं काकांचं घर. खाली काथ्या, फोम, उसवलेल्या कापडाचे ढीग. वर काकू, आणि काकांची आई. थोरला भाऊ, म्हणजे दादा, दुसऱ्या शहरात बऱ्या नोकरीत होता. तो आईसाठी दर महिन्याला थोडे पैसे पाठवी. आईचं खाणंपिणं, औषध काका आपल्या कमाईत भागवत आणि दादाचे पैसे बँकेत तसेच राहू देत. आई आणि काका दोघांच्या नावाचं खातं होतं ते. आईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकत आले होते. पैसे साठले की ऑपरेशन, असं ठरलेलं.

शेवटी ऑपरेशन ठरलं. डॉक्टरांनी दिवसही दिला. काका पैसे काढायला गेले तर खिडकीवरच्या मुलीनं शिल्लक सांगितली आणि काकांना वाटलं, ही दुसऱ्याच कुणाच्या खात्यात बघतेय. जवळजवळ अठ्ठावीस हजार कमी.

तिनं पासबुक छापून दिलं. महिन्याला 'विशेष ग्राहक शुल्क', वर्षाला एकदा 'सुरक्षा कवच'. खाली पुन्हा तेच, त्याच्याही खाली तेच. अडीच वर्षं उंदरानं पोतं कुरतडावं तसं चाललं होतं.

"हे आम्ही कधी मागितलं?"

"मागायला नाही लागत काका. मेसेज गेला होता. तुमचं खातं विशेष होतंय, सोबत अपघात विमा मिळतोय. नको असल्यास कळवा. तुम्ही कळवलं नाही."

"पण हवं म्हणून तरी कुठं कळवलं?"

मुलगी चांगली होती. तिनं मान खाली घातली. "नाही कळवलं की सिस्टीम हो धरते."

तो मेसेज गेला होता आईच्या जुन्या बटणाच्या फोनवर. समोरचा माणूस आवाजावरून ओळखणारी बाई ती, ती मेसेज काय वाचणार? काकांनी तिथंच उभं राहून तक्रार लिहिली, नंबर घेतला आणि घरी आले. पैसे परत येतील की नाही याची त्यांना फारशी काळजी नव्हती. बँक आहे, चूक झाली असेल, दुरुस्त करतील. खरी काळजी संध्याकाळी सुरू झाली.

दादाचा फोन आला. आईला ऐकू यावं म्हणून काकू नेहमीच फोनचा स्पीकर लावून ठेवत. काकांनी झालं ते सगळं सांगितलं, पासबुकाचे फोटोही पाठवले. पलीकडे दादा बराच वेळ वाचत असावा.

"छोट्या, ही विम्याची ओळ बघितलीस?"

"बघितली ना. तेच तर सांगतोय, न विचारता लावला."

"मी त्या ओळीतला पॉलिसी नंबर आत्ता बँकेच्या ॲपवर टाकून बघितला. विमा आईच्या अपघाताचा आहे. आणि तिला काही झालं तर पैसे कुणाला, ते माहितेय का तुला?"

"कुणाला?"

"तुला."

खात्यावर दुसरं नाव त्यांचं, म्हणून बँकेनं वारसाच्या रकान्यात आपणहून तेच टाकलं होतं. हे त्यांना दुसऱ्या दिवशी कळलं. त्या संध्याकाळी मात्र त्यांना उत्तर सुचलं नाही, आणि जे सुचायला एक दिवस लागला ते नंतर कुणी ऐकून घेतलं नाही.

"अडचण होती तर मागायचे होतेस," दादा म्हणाला. आवाज चढला नव्हता, तेच जास्त वाईट. "मी नाही म्हटलं असतं का? पण आईच्या डोळ्यांच्या पैशातून आईचाच विमा, आणि वारस तू. आता मी काय समजायचं?"

"अहो दादा," काकू मध्येच म्हणाल्या, "यांना घरातली विजेची बिलं समजत नाहीत, हे विमे कुठले काढतायत?"

"तू यात पडू नकोस," दादा म्हणाला.

आई खाटेवर बसून धुतलेले कपडे हातानं चाचपून घडी करत होती. तिनं एक टॉवेल घडी घातला, मोडला, पुन्हा घातला.

आठवड्याच्या आत दादा येऊन आईला घेऊन गेला. ऑपरेशन तिकडंच करायचं ठरलं. काकूंनी तिची पिशवी भरली. जिन्यावरून उतरताना काकांनी तिचा हात धरला होता. ती एवढंच म्हणाली, "थेंबाची बाटली टाकलीस ना पिशवीत?"

मग वाट बघणं सुरू झालं. काकांना बँकेकडून एकच ओळ हवी होती: हा विमा ग्राहकानं मागितला नव्हता, आमची चूक झाली. ती ओळ आली की दादाला पाठवायची, आणि त्यानं ती आईला मोठ्यानं वाचून दाखवायची. पैशाचं नंतर बघता येईल.

बँकेत गेलं की 'विचाराधीन आहे'. फोन केला की सनईसारखं काहीतरी वाजे आणि एक बाई सांगे, आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. काकू म्हणत, "जावयाची तऱ्हा आहे मेल्या बँकेची. न मागता घ्यायचं, आणि विचारायला गेलं तर रुसून बसायचं."

एकदा काका खुर्चीच्या बैठकीला कापड ताणत होते. एका हातात हातोडी, दुसऱ्या हातानं कापड धरलेलं, तोंडात खिळे, खांद्यावर फोन. सनई वाजता वाजता एकदम थांबली आणि खराखुरा माणूस बोलला, "नमस्कार, आपली काय मदत करू?" काकांनी खिळे थुंकायच्या आत तो तीनदा 'हॅलो' म्हणाला आणि फोन ठेवून दिला. एरवी त्यांनी हा किस्सा गिऱ्हाइकांना हसत हसत सांगितला असता. आता ते सांगत नव्हते. गिऱ्हाईक बोलायला लागलं की 'हं हं' करून मान खाली घालत. एका दिवाणाला तर त्यांनी कापडाची उलटी बाजू वर लावली. आयुष्यात पहिल्यांदा. सगळं उसवून पुन्हा लावावं लागलं.

मध्ये बँकेचं एक पत्र आलं. संमती दिली नसल्याचा पुरावा सादर करावा.

"नसल्याचा पुरावा?" काकूंनी पत्र दोनदा वाचलं. "उद्या मी त्या साहेबाला विचारते, तू माझ्या कोंबड्या चोरल्या नाहीस याचा पुरावा दे."

"आपल्याकडं कोंबड्या कुठं आहेत?"

"मग चोरल्याच असणार ना त्यानं."

काका हसले, त्या दोन महिन्यांत तेवढेच. मग घरीच राहिलेला आईचा जुना फोन घेऊन ते बँकेत गेले. मेसेज उघडलेलाच नाही हे दाखवलं, मोतीबिंदूचे कागद जोडले, पोच घेतली.

उत्तर आलं ते असं: आपल्याशी असलेले दीर्घ संबंध लक्षात घेऊन, बँक कोणतीही जबाबदारी न स्वीकारता, विशेष बाब म्हणून संपूर्ण रक्कम आपल्या खात्यात जमा करीत आहे. प्रकरण बंद.

काका थेट साहेबांच्या केबिनमध्ये गेले.

"साहेब, यात एक ओळ वाढवून द्या. आम्ही मागितलं नव्हतं, एवढंच."

"काका, सगळे मिळाले ना पैसे? लोकांना अर्धेही मिळत नाहीत."

"मिळाले. पण घरात लोक मला चोर समजतात."

साहेबांना वाईट वाटलं असावं. त्यांनी पाण्याचा ग्लास पुढं सरकवला. "चूक झाली असं आम्हाला लिहिता येत नाही हो. वरून आलेला मजकूर आहे. एक अक्षर बदलता येत नाही."

बाहेर येऊन काकांनी पत्राचा फोटो दादाला पाठवला. वेगळं पाठवण्यासारखं त्यांच्याकडं होतं तरी काय?

रात्री दादाचा फोन आला. "वाचलं. चांगलं झालं, परत केलेस."

"मी नाही, बँकेनं केले."

"तेच रे. तू विमा बंद करायला लावलास, त्यांनी दिले. पण जबाबदारी आमची नाही असं त्यांनी स्वच्छ लिहिलंय. मग कुणाची? जाऊ दे. मला ते उकरायचं नाही. झालं गेलं विसरून जाऊ."

"विसरायला आधी काही झालेलं असायला हवं ना, दादा."

"आईशी बोलतोस?"

आईच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं. आता भिंतीवरचं कॅलेंडर वाचता येतं, म्हणाली. काकूंच्या पाठदुखीची चौकशी केली, खालच्या जिन्याची पायरी दुरुस्त केली का विचारलं. काका सगळ्याला उत्तरं देत गेले. मग म्हणाले, "आई, तुला काय वाटतं? तो विमा मी काढला?"

"मी कधी तसं म्हटलं?"

"नाही म्हटलंस. पण तो नाही काढणार, असंही नाही म्हटलंस."

पलीकडे पंखा फिरत असल्याचा आवाज येत होता. नको असल्यास कळवा, हे वाक्य त्यांच्या मनात आलं. न बोलणाऱ्या माणसाचं काय धरायचं हे बँकेला बरं ठाऊक असतं, आपल्याला नाही.

"मला दोघंही सारखेच रे," आई शेवटी म्हणाली. "ते पैसे दादाच्या खात्यावर टाक. खर्च त्यानं केलाय. चल, माझ्या थेंबांची वेळ झाली."

काकू ऐकत होत्या. फोन ठेवल्यावर त्यांनी चहाचं आधण ठेवलं, मग गॅस बंद केला. "तुम्ही एवढे हेलपाटे घातलेत, कामं बुडवलीत. त्याचे तरी कापून घ्या त्यातून."

"नको. मग तेच म्हणतील."

दुसऱ्या दिवशी सकाळीच काका बँकेत गेले. आले तेव्हा काकू भाजी निवडत होत्या. त्यांनी मान वर न करता विचारलं,

"पाठवले?"

"हो."

"सगळे?"

काकूंच्या मनात कालचंच होतं, बुडालेल्या कामाचं. दुसरं काही असायचं कारणच नव्हतं. पण काकांचा हात शर्टाच्या खिशाकडं गेला. त्यांनी बँकेची पावती काढली, उलगडली, काकूंच्या पुढ्यात भाजीच्या ताटाशेजारी ठेवली, आणि त्या ती वाचेपर्यंत तसेच उभे राहिले.